आकडा कुणाच्या घरातला?

वॉशिंग्टन, डिसेंबर २०१०. ‘टेडविमेन’ परिषदेच्या मंचावर एक वॉशिंग मशीन आणून ठेवले आहे. शेजारी उभे आहेत स्वीडनचे डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक हान्स रोसलिंग. विषय आहे ऊर्जा. जगातली कोणती माणसे किती ऊर्जा वापरतात आणि गरीब माणसे थोडी वर आली की आणखी किती लागेल, हे त्यांना सांगायचे आहे. हा विषय आपण कितीतरी सभागृहांत ऐकलेला असतो. पहिल्या स्लाइडवर वीजनिर्मितीचा आलेख, दुसऱ्या स्लाइडवर कोळशाचा, आणि तिसरी यायच्या आत मागच्या रांगांमधले मोबाइल खिशातून बाहेर.

रोसलिंग यांनी सुरुवात केली ती आपल्या घरापासून. ते चार वर्षांचे असताना त्यांच्या आईने पहिल्यांदा मशीनमध्ये कपडे घातले. त्या मशीनसाठी आईवडील कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकत आले होते. त्या दिवशी आजीलाही मुद्दाम बोलावले होते. आजीने जन्मभर लाकडे पेटवून पाणी तापवले होते आणि सात मुलांचे कपडे हाताने धुतले होते. बटण मीच दाबणार, असे तिने बजावले. दाबले. मग मशीनसमोर खुर्चीत बसून कपडे धुऊन होईपर्यंत ती ते बघत राहिली.

आकडे आले ते त्यानंतर. जगात तेव्हा सात अब्ज माणसे होती. त्यातली दोन अब्ज दिवसाला दोन डॉलरपेक्षा कमी पैशांत जगत होती. वरच्या टोकाला एक अब्ज माणसे दिवसाला ८० डॉलरहून जास्त खर्च करत होती. ही विमानाने फिरणारी माणसे, म्हणून त्यांच्या रेषेला रोसलिंग यांनी विमानाचे नाव दिले. मग ४० डॉलरपाशी त्यांनी आणखी एक रेषा ओढली, धुण्याची रेषा. तिच्या वर वॉशिंग मशीन असलेली दोन अब्ज माणसे, आणि खाली पाच अब्ज. या पाच अब्ज माणसांचे कपडे अजून हातानेच धुतले जात होते, आणि ते हात बहुतांशी बायकांचे होते.

पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची हकिगत सांगितली. पर्यावरणाची काळजी असलेली ही मुले म्हणत, जगातल्या सगळ्यांनाच गाडी आणि वॉशिंग मशीन मिळणे शक्य नाही. रोसलिंग विचारत, तुमच्यापैकी गाडी न वापरणारे किती? काही हात अभिमानाने वर जात. मग ते विचारत, स्वतःच्या जीन्स आणि चादरी हाताने धुणारे किती? एकही हात वर येत नसे. त्या हकिगतीनंतर ऊर्जेच्या वाटपाचा आकडा पडद्यावर आला: जग वापरत असलेल्या ऊर्जेचे १२ भाग केले, तर त्यातले सहा एकटे सर्वात श्रीमंत एक अब्ज लोक वापरतात. समोरच्या श्रोत्यांना आपण त्या सहा भागांत बसलो आहोत हे कुणी सांगावे लागले नाही. शेवटी रोसलिंग यांनी मंचावरच्या मशीनचे दार उघडले आणि आतून पुस्तके काढली. आईचा धुण्याचा वेळ वाचला, ती मुलाला ग्रंथालयात घेऊन जाऊ लागली, त्याच्यासाठी वाचू लागली, आणि त्यातूनच तो मुलगा पुढे प्राध्यापक झाला. सगळे मिळून नऊ-दहा मिनिटांचे भाषण.

या भाषणाचे कौतुक करताना लोक बहुधा आजीबद्दल बोलतात. मला त्यात सर्वात मोलाची वाटते ती आजी आणि पाच अब्ज यांच्यामधली जागा. आजीची हकिगत ऐकून श्रोत्याच्या मनात एक प्रश्न तयार होतो: अशा आज्या अजून किती आहेत? नेमका तेव्हाच आकडा येतो, आणि तो उत्तर म्हणून येतो. कुणी विचारलेलेच नाही अशा प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा कितीही खरा असला तरी कानावरून निघून जातो. आपल्या कार्यालयांमधली बहुतेक सादरीकरणे याच कारणाने फसतात. त्यांत माहिती भरपूर असते, ती बरोबरही असते, पण ती ऐकण्याची गरज श्रोत्यात कुणी जागीच केलेली नसते.

गोष्ट आणि आकडा नुसते शेजारी ठेवून भागत नाही, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसले. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी सहभागी माणसांना एका कामाचा मोबदला म्हणून पाच डॉलर दिले आणि मग आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी मदतीचे आवाहन त्यांच्या हातात ठेवले. काहींच्या कागदावर लाखो भुकेल्या माणसांची आकडेवारी होती. काहींच्या कागदावर माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती होती. काहींना दोन्ही मिळाले. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८ डॉलर. दोन्ही वाचणाऱ्यांनी सर्वात जास्त द्यायला हवे होते, पण त्यांनी दिले १.४३.

या प्रयोगावरून अनेक प्रशिक्षक सरळ सांगून मोकळे होतात की आकडे गाळा, गोष्ट सांगा. मला हा सल्ला घातक वाटतो. खिशातले दोन डॉलर काढून देणे आणि एखाद्या संचालक मंडळाने कोट्यवधींच्या कामाला मंजुरी देणे यांत फार अंतर आहे. मंजुरी देणाऱ्याला उद्या कुणी तरी हिशेब विचारणार असतो. लेखापरीक्षकापुढे रोकिया ठेवता येत नाही. त्या तिसऱ्या कागदावर मुलगी आणि लाखोंची संख्या एकमेकींशी काही न बोलता उभ्या होत्या. वाचणाऱ्याला मुलीपासून संख्येकडे नेणारी वाट तिथे नव्हती. रोसलिंग यांनी तीच वाट बांधली होती.

अशी वाट बांधणारा दुसरा डॉक्टर आपल्याकडे गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंच्या कामाविषयी बोलताना डॉ. अभय बंग अनेकदा एका संध्याकाळची हकिगत सांगतात. पावसाळ्याचे दिवस, खुरसा गावातून एक आई आणि आजी आजारी बाळ घेऊन धावत त्यांच्या घरी आल्या. डॉक्टरांनी बाळ तपासायला घेतले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते गेले.

एवढ्यावर थांबले असते तर ऐकणारे हळहळून घरी गेले असते. बंग थांबत नाहीत. ते विचारतात, हे बाळ कशाने गेले? आणि मग एकेक कारण उलगडत जातात. आजार, आईचे गरोदरपणातले हाल, गरिबी, अंधश्रद्धा, वाटेतली नदी. अशी अठरा कारणे, एकात एक अडकलेली. ऐकणाऱ्याचा जीव दडपतो, कारण अठरा गोष्टी कोण आणि कधी सुधारणार? तिथे बंग डॉक्टरांचा खरा मुद्दा येतो. साखळी तोडायला तिच्या सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत. एखादी तुटली तरी मृत्यू टळू शकतो. मग गावातल्याच बाईला शिकवून तयार केलेली आरोग्यदूत, घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत, आणि तिचे निष्कर्ष. हे काम ३९ गावांत झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. ज्या गावांत ही पद्धत नव्हती त्यांच्याशी ताडून पाहता नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या कामातून देशभर गेली.

खुरशाच्या बाळाची हकिगत इथे सगळ्या मांडणीचा सांगाडा झाली आहे. अठरा कारणे हे संशोधकाचे विश्लेषण आहे, पण ते एका बाळाच्या शेवटच्या दिवसांवरून पुढे सरकते, म्हणून शहरातल्या सभागृहात बसलेला माणूसही अठरापर्यंत सोबत राहतो. तीच कारणे स्लाइडवर ठिपके देऊन एकाखाली एक लिहिली असती तर पाचव्यानंतर कुणी वाचली नसती.

पण गोष्ट निवडताना सगळ्यात अवघड भाग वेगळाच असतो. आपल्याला हलवून गेलेली गोष्ट समोरच्याला हलवेलच असे नाही. हे रोसलिंग यांना १९८९ साली, म्हणजे प्रसिद्धीच्या कितीतरी आधी, तेव्हाच्या झाईर देशातल्या माकांगा गावात कळले. ‘फॅक्टफुलनेस’ या त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ साली आलेल्या पुस्तकात ती घटना आहे. दोन्ही पाय कायमचे लुळे करणाऱ्या कोंझो या रोगाचा अभ्यास करायला ते तिथे गेले होते. पुरेसे न भिजवता, घाईने तयार केलेल्या कडू कसावा कंदांतल्या विषाने हा रोग होतो आणि तो होतो अगदी गरिबांना, दुष्काळी दिवसांत. गावकऱ्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे होते. पण झोपडीबाहेर जमाव जमला, संतापलेला, काहींच्या हातांत कोयते. हा परका माणूस आपले रक्त नेऊन विकणार, अशी त्यांची खात्री होती.

रोसलिंग पळाले नाहीत. त्यांनी दुभाष्यामार्फत समजावले, दुसऱ्या देशांतल्या कोंझोच्या रुग्णांचे फोटो दाखवले, रोगाचे कारण सापडले तर तो टाळता येईल हेही सांगितले. सगळे खरे होते, फोटोही हृदय पिळवटणारे होते. जमाव शांत होईना. मग गर्दीतून एक पन्नाशीची अनवाणी बाई पुढे आली, लोकांकडे वळली आणि बोलू लागली. तिने गोवराची आठवण काढली. आपली किती मुले गोवराने गेली, आठवते ना? मग लस आली आणि आता मुले गोवराने जात नाहीत. ही लस त्यांच्याकडे झाडाला लागते का? नाही, हा डॉक्टर ज्याला संशोधन म्हणतो त्यातून ती सापडली. या रोगाचे कारण शोधायचे तर त्यांना आपले रक्त लागणार. एवढे बोलून ती डॉक्टरांसमोर आली आणि तिने दंड पुढे केला. तिच्यामागे रांग लागली.

ही घटना प्रत्येक व्यवस्थापनशाळेत शिकवावी असे मला मनापासून वाटते. त्या बाईकडे पदवी नव्हती, पडदा नव्हता, फोटो नव्हते. डॉक्टरांपेक्षा वेगळी एकही वैज्ञानिक गोष्ट तिने सांगितली नाही. रोसलिंग दाखवत होते ते परक्या देशातल्या परक्या माणसांचे पाय. तिने उघडली ती त्याच गावातली, ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरातली आठवण, आणि तिच्याच शेवटी रक्ताचा नमुना आणून ठेवला. संशयाने आलेला माणूस स्वतःच्या आठवणीवर संशय घेऊ शकत नाही. ‘श्रोत्यांशी नाते जोडा’ असा सल्ला प्रत्येक कार्यशाळेत दिला जातो आणि त्याचा अर्थ बहुधा हसून बोला, डोळ्यांत बघा, स्वतःचा एखादा अनुभव सांगा असा लावला जातो. माकांगातल्या बाईने स्वतःबद्दल काहीच सांगितले नव्हते.

आपल्याकडे हे शास्त्र कीर्तनकारांनी शतकानुशतके सांभाळले आहे, आणि कॉर्पोरेट प्रशिक्षणात त्याचा उल्लेखही होत नाही याचे मला वाईट वाटते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ पदावर येतात. आख्यान कितीही रंगले तरी ते पूर्वरंगातल्या सिद्धांताला धरून असावे लागते. नसेल तर जाणता श्रोता लगेच ओळखतो. आजच्या सादरीकरणांत सुरुवातीला एखादी प्रेरक कथा चिकटवतात, आणि दुसऱ्या स्लाइडपासून तिचा विषयाशी काही संबंध उरत नाही. कीर्तनाच्या फडावर ते खपले नसते.

गाडगेबाबा तर याच्याही पुढे गेले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचे, आणि ते कीर्तन म्हणजे लोकांना विचारलेल्या प्रश्नांची मालिकाच असे. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरे का कापता, दारू कशाला पिता, पोराला शाळेत का घालत नाही. उत्तर समोरून यायचे, आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. आपल्या तोंडून निघालेले उत्तर माणूस नाकारू शकत नाही. रोसलिंग चादरींचा प्रश्न विचारत तेव्हा तेच करत होते.

आता हे सगळे आपल्या रोजच्या कामात कसे उतरते ते पाहू. समजा, एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातल्या उपअभियंत्याला स्थायी समितीपुढे एक प्रस्ताव मांडायचा आहे. गावठाण भागातली चाळीस वर्षांपूर्वीची बिडाची पाइपलाइन बदलायची आहे. गळती प्रचंड आहे. त्यांनी रात्र जागून बावीस स्लाइड केल्या आहेत: प्रस्तावना, उद्दिष्टे, व्याप्ती, सद्यःस्थिती, पाइपचे व्यास, अंदाजपत्रक. ‘दैनंदिन गळती १ एमएलडी’ हे वाक्य नवव्या स्लाइडवर आहे, एका तक्त्यात, सहाव्या ओळीत.

समितीतल्या सदस्यांच्या जागी बसून पाहा. नगरसेवकाच्या आयुष्यात पाणी कुठे असते? ते पहाटे वाजणाऱ्या फोनमध्ये असते. साडेसहाला पहिला फोन: आज पाणी आले नाही. सातला दुसरा: आले, पण गढूळ. माकांगातल्या बाईने जसा गोवर उचलला तसा हा फोन अभियंत्याने उचलायला हवा. ‘सभापती महोदय, मागच्या आठवड्यात पाण्यासाठी आपल्याला कुठल्या गल्लीतून फोन आले?’ सदस्य नावे सांगतील. ती नावे अभियंत्याने नकाशावर दाखवायची. बहुतेक फोन जुन्या लाइनच्या टोकाकडचे निघतील, कारण गळत्या लाइनवर दाब टोकाला पोहोचेपर्यंत मरून जातो. एकही तांत्रिक शब्द न वापरता समितीने स्वतःच्या फोनवरून गळतीचा नकाशा काढलेला असेल.

मग त्या टोकाच्या गल्लीतले एकच घर. यासाठी अभियंत्याने आधी एका पहाटे तिथे जाऊन उभे राहायला हवे. ही तयारी स्लाइडच्या रंगांपेक्षा फार महत्त्वाची. चावीवाला चारच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडतो. गल्लीच्या तोंडाशी लगेच पाणी येते. टोकाच्या घरात नळ आधी नुसता फुसफुसतो, वारा सोडतो. घरातली बाई नळाखाली बादली लावून उंबऱ्यावर बसलेली असते. पाणी येते ते पहिली काही मिनिटे मातकट. ते ती मोरीत ओतते. मग वास घेऊन बघते, आणि त्यानंतर हंडे, कळशा, पिंप. धार करंगळीएवढी. पिंप अर्धे होते न होते तोच धार तुटते.

गढूळ पाण्याचे कारण इथेच सांगायचे, कारण ऐकणाऱ्याला आता ते हवे असते. पाणी चालू असते तोवर फुटक्या सांध्यातून ते बाहेर गळते. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते, आतला दाब उतरतो, आणि त्याच सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे नळातून आधी ते येते. म्हणजे गळतीचा प्रश्न वाया जाणाऱ्या पाण्यापुरता नाही. ज्या वाटेने पाणी जाते त्याच वाटेने रोग येतो. आरोग्य विभागाकडे त्या भागातल्या काविळीच्या आणि जुलाबाच्या रुग्णांच्या नोंदी असतील तर त्यांची जागा इथे.

आणि आता तो आकडा, नवव्या स्लाइडवरचा. १ एमएलडी म्हणजे दहा लाख लिटर. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा पुरवठ्याचा मान्य निकष आहे. भागाकार केला तर सुमारे ७,४०० माणसांचे एका दिवसाचे पाणी. ते रोज जमिनीत जाते, आणि ते शुद्ध केलेले, वीज खर्चून वर चढवलेले पाणी असते. टोकाच्या गल्ल्यांमधली लोकसंख्या अभियंत्याला माहीत असतेच. दोन संख्या शेजारी ठेवल्या की समितीला दिसते की त्या बाईसाठी नवे धरण लागत नाही. तिचे पाणी शहरात आलेले आहे, फक्त तिच्या घरापर्यंत पोहोचत नाही. खर्चाचे आकडे यानंतर, तपशिलात आणि काटेकोर. त्यांची काटछाट अजिबात नको. ज्या सदस्याला प्रश्न विचारायचे असतात तो आता जागा असतो आणि त्याचे प्रश्नही नेमके असतात.

बावीस स्लाइडपैकी सहा-सातच उरतात. बाकीच्या छापून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवता येतात. बोलताना दाखवायचे आणि नंतर वाचायला द्यायचे हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत, आणि आपल्या कार्यालयांत ते एकच मानले जातात. त्यामुळे पडद्यावरचे वाचता येत नाही आणि हातातले समजत नाही.

आता या कलेची काळी बाजू. २०१४ साली ‘टेडमेड’च्या मंचावर एलिझाबेथ होम्स यांनी आपल्या काकांची हकिगत सांगितली. लहानपणी त्यांच्यासोबत घालवलेल्या सुट्ट्या, मग त्वचेचा कर्करोग, तो मेंदूत आणि हाडांत पसरला, निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. रोग वेळेवर कळला असता तर, या वाक्याकडे सगळे भाषण वाहत गेले. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर शेकडो चाचण्या, असा त्यांच्या थेरानोस कंपनीचा दावा होता. श्रोते हेलावले, मोठमोठ्या लोकांनी पैसे घातले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे पत्रकार जॉन कॅरीरू यांनी या यंत्राचे सत्य छापायला सुरुवात केली. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल न्यायालयाने होम्स यांना दोषी ठरवले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांहून जास्त कैदेची शिक्षा सुनावली.

काका आजारी पडून गेले हे खरे होते. म्हणून खोटी गोष्ट सांगू नका, एवढे म्हणून इथे पुरत नाही. होम्स यांची गोष्ट जिथे पुरावा असायला हवा होता नेमकी त्या जागेवर बसली होती. हे ओळखायची एक रीत आहे. सादरीकरणातून माणसाची हकिगत काढून टाका आणि उरलेले वाचा. रोसलिंग यांच्या भाषणातून आजी काढली तर पाच अब्जांचा आकडा तसाच राहतो. बंग यांच्या मांडणीतून खुरशाचे बाळ काढले तर ३९ गावांतले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये वाचता येतात. होम्स यांच्या भाषणातून काका काढले की हातात काही उरत नाही. श्रोता म्हणून आपण हे करून पाहिलेच पाहिजे, विशेषतः डोळ्यांत पाणी आले असेल तेव्हा.

आणि ज्या माणसाची हकिगत आपण सांगतो त्याचे काय? रुग्णालयातला रुग्ण, बँकेचा थकलेला कर्जदार, टोकाच्या गल्लीतली बाई, हे सभागृहात हजर नसतात. त्यांच्या घरातली अडचण आपल्या पदोन्नतीच्या कामी येऊ शकते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. नाव बदलणे, फोटो न दाखवणे ही किमान सभ्यता झाली. त्याहून चांगले म्हणजे, जे सांगणार आहोत ते आधी त्यांनाच वाचून दाखवावे. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने आपली टिपणे घेऊन त्या उंबऱ्याशी परत जावे. ती बाई बहुधा दोन-तीन गोष्टी दुरुस्त करेल. म्हणेल, साहेब, चारला नाही, कधी तीनला उघडतात, कधी पाचला, म्हणून तर मी अडीचपासून उठून बसते. पाणी कमी आले तरी मी भागवीन हो, पण कधी येणार ते तरी कळू दे. हे अंदाजपत्रकात कुठेच नव्हते. पाइप बदलायला दोन वर्षे लागतील. चावी उघडण्याची वेळ ठरवून ती पाळायला आणि गल्लीत आदल्या दिवशी कळवायला एक आदेश पुरतो. समितीपुढच्या प्रस्तावात तो पहिल्या क्रमांकावर, शून्य खर्चाच्या रकान्यात लिहिता येईल, आणि पुढच्या सोमवारपासून लागू करता येईल.